शनिवारच्या आधी

म्हार्दोळ, बुधवार रात्र

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन मध्येच ठेवलास, नंतर आपलं बोलणं नाही. म्हणून लिहायला बसलो. टपालाने हे पोचेपर्यंत तुझा स्कीला जायचा शनिवार उलटून जाईल, तेव्हा दादा पानांचे फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर त्याला विचार.

आधीच सांगतो, स्की करताना गुडघा सांभाळ, याविषयी काही लिहिणार नाही. त्यावरूनच तर बिनसलं. ‘बाबा, तुम्ही बर्फ पाहिलाय तो फ्रीजमधला,’ असं तू म्हणालीस, ते खरंच आहे. मला राग नाही. आईला आला. बापाशी असं बोलतात का, म्हणाली. मी म्हटलं, बोलतात, मी अण्णांशी याहून वाईट बोलत होतो. त्यावर ती गप्प बसली, कारण तिने ते ऐकलेलं आहे.

मला लागलं ते तुझं दुसरं वाक्य. ‘इथे मला कोणी स्कीवाली समजतच नाही, मी म्हणजे निळ्या उतारावरची.’ तुझा असा आवाज मी बारावीच्या निकालानंतर ऐकला नव्हता. निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड, हे मला तूच शिकवलंस. तुझ्या ऑफिसातली ती मुलं डोंगराच्या पायथ्याशी वाढलेली, चालायला शिकली त्याच सुमाराला स्कीवर उभी राहिलेली. तू बर्फावर पहिलं पाऊल टाकलंस ते गुलमर्गला, नोकरी लागल्यावर, स्वतःच्या पगारातून. भाड्याचा पिवळा कोट, बाह्या बोटांच्याही खाली आलेल्या. गोंडोला, तो तारेवरचा पाळणा, अफरवाट डोंगरावर जवळजवळ ४००० मीटरपर्यंत जातो, पण तुम्हा नवशिक्यांना खालच्या मैदानावरून हलू दिलं नाही, म्हणून किती चिडली होतीस. तो फोटो अजून देवघराशेजारी आहे. ते मैदान सोडून तू आज म्युनिकहून आगगाडीने डोंगरात जातेस, निळ्यावरून वरपासून खालपर्यंत एकटी उतरतेस. हे मी तुला फोनवर म्हणायला हवं होतं, पण तोंडातून निघालं ते गुडघ्याचंच.

आता शनिवारी ती ऑफिसातली सगळी गार्मिशच्या कांदाहार नावाच्या उतारावर जाणार आणि तूही जाणार. कांदाहार म्हटलं की आमच्या पिढीला १९९९ चं विमान आठवतं, त्यामुळे अर्धा मी नाव ऐकूनच घाबरलो. मग दादाने व्हिडिओ दाखवला. त्या उतारावर विश्वचषकाच्या शर्यती होतात म्हणे. एक माणूस वरून सुटला आणि तो दिसेपर्यंत पुढच्या वळणाआड गेलासुद्धा. आई मध्येच गॅस बंद करायला उठली. गॅस बंदच होता.

मग मी वाचत बसलो. बूट स्कीला अडकवून ठेवते ती पकड, बाइंडिंग, तिच्याविषयी. किती जोर आला की तिने बूट सोडायचा, ते स्कीच्या दुकानातला माणूस स्क्रू फिरवून ठरवतो. त्यासाठी उंची, वजन, वय, बुटाच्या तळाची लांबी विचारतो, आणि वर आपण कुठल्या प्रकारात बसतो ते विचारतो. पहिला प्रकार सावकाश, सोप्या उतारावर जाणाऱ्यांचा. तिसरा वेगाने, अवघड उतारावर जाणाऱ्यांचा. दुसरा या दोघांच्या मधला. हे कोणी तपासून बघत नाही, आपण सांगू ते तो लिहून घेतो. मागे मित्रमैत्रिणी उभ्या असताना ‘पहिला’ म्हणायला जीभ अडखळते, आणि वरचा प्रकार सांगितला की पकड तेवढी घट्ट होते. पडताना बूट उशिरा सुटतो, कधी सुटतच नाही. स्की लांब, पाय तिच्यात अडकलेला, आणि पिळा बसतो तो थेट गुडघ्याला. या पकडींमुळे नडगी मोडणं पूर्वीपेक्षा खूप कमी झालं आहे, गुडघ्याचं मात्र तसं नाही.

लिहिणार नव्हतो, लिहिलंच. (पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी पकड आणखी सैल ठेवतात, हेही वाचलं. म्हणजे माझ्यासारख्याचाही विचार कोणीतरी केला आहे.)

तर बाय, शनिवारी दुकानात तू ज्या प्रकारातली आहेस तोच सांग. दुपारनंतर पाय थकतात, तेव्हा ‘शेवटची एक फेरी’ म्हणून वर जाऊ नकोस. ढग खाली आले की चढ-उतार, खड्डे काही दिसत नाही म्हणतात, तेव्हा थांब. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट लाव. विम्यात डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च धरला आहे का, ते आजच बघ. आणि मागे लोक खोळंबतात म्हणून घाई करू नकोस. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १० नियम घातले आहेत, त्यात मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळून वाट काढायची असा एक आहे. आपल्याला जमेल तेवढ्याच वेगाने जायचं, असाही एक आहे. तू पुढे असलीस तर सांभाळायचं मागच्याने. तू कोणाची माफी मागत बसू नकोस.

झाली माझी शाळा सुरू. माफ कर. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे महिने तू इथे नव्हतीस. आम्ही तुला ‘बरं चाललंय’ एवढंच सांगत होतो. देवळाच्या पायऱ्या ती अजून कठडा धरून, आडवी आडवी उतरते. तू लाल उतारावर कडेकडेने घसरत खाली येतेस, त्याचा व्हिडिओ पाठवला होतास ना, तो तिने एकदाच पाहिला.

खरं म्हणजे मी तुला नाटकाचं लिहिणार होतो. तुला आठवतं का, उत्सवातल्या नाटकाला तू विंगेत प्रॉम्प्टरमामाच्या मांडीवर बसायचीस. एका वर्षी घरी येऊन रडलीस, ‘आमचो बाबा केन्नाच राजा कित्याक जायना?’ कसा होणार? आपलं सगळं संगीत नाटक, राजाला पदं, आणि माझा गळा तुला ठाऊक आहे. मला कायम पदं नसलेली भूमिका. प्रधान, सेनापती, नाहीतर पत्र घेऊन येणारा दूत. आपल्या गावातली दोन पोरं कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेपर्यंत गेली, मी गेलो नाही. पण तालमीची वेळ झाली की दुकानाचं फळकूट लावून निघायचो, आणि तोंडाला रंग लागला की मला दुसरं काही सुचत नसे. बाजारातल्या तिंट्यावरची मासळीवाली मला अजून ‘प्रधान’ म्हणूनच हाक मारते. चांगला प्रधान होतो की नाही, ते तिला विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

तूच मला सांगितलं होतंस की वळणं घेताना मनात तीनताल धरतेस, डावीकडे सम, उजवीकडे खाली. तुझ्या मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, शेवटी कुठेतरी लय धरली पोरीने! ती लय तुझ्या ऑफिसातल्या एकाकडेही नसेल. लाल उतार तीव्र झाला की तू परत दोन्ही स्कींची टोकं जुळवून तो पिझ्झा करतेस. कर की. त्याने वेग आवरला जातो ना, मग झालं.

आणि आरिफ खान. २०२२ ला बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून तो एकटाच होता, आपल्या गुलमर्गकडचा. जायंट स्लॅलमच्या, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीच्या, दिवशी बर्फ एवढा पडत होता की पुढचं दिसत नव्हतं, बरेच जण वाटेतच बाद झाले. तो ४५ वा आला. दुसऱ्या शर्यतीत तर पूर्ण उतरलाही नाही. तू मात्र त्या दिवशी फोनवर ओरडत होतीस, ‘बाबा, दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या त्याने!’ कितवा आला ते मीच नंतर विचारलं, आणि तू म्हणालीस, ते काय विचारता.

म्हणून मला कळत नाही, तुलाच आता कोणी कितवी म्हटलं तर एवढं का लागतं. असो. लागतं. मलाही लागायचं.

तू जाऊ नकोस, असं मी लिहिणार नाही. आईने तसं लिहायला सांगितलं आहे. कांदाहारशेजारी सोपी वाटही असणारच, खालच्या हॉटेलात सगळ्यांना जेवायला भेटता येईल, असं ती म्हणते. तिचं म्हणणं मी पोचवलं. माझं म्हणणं एवढंच की वर उभी राहून खाली बघशील तेव्हा तुझं तू ठरव, आणि तेव्हा शेजारी कोण उभं आहे ते बघू नकोस. पोदेर रोज पाव देताना विचारतो, बाय बर्फावर कशी आहे? मी म्हणतो, मजेत. तो पुढे काही विचारत नाही, आणि मीही फोटो दाखवल्याशिवाय सोडत नाही.

यंदा तालमी सुरू झाल्या आहेत. मला दोन प्रवेश आहेत, दुसऱ्यात तलवार आहे. सोलं वाळली आहेत, शेजारच्या ताईंचा मुलगा मार्चमध्ये फ्रँकफर्टला येतोय, त्याच्याबरोबर पाठवू का ते कळव.

तुझा,
बाबा

ता. क. दुकानात वजनही खरं सांग. नाताळात तू येऊन गेलीस तेव्हा थोडं वाढलेलं दिसलं, असं आई म्हणते. मला तसं काही दिसलं नाही.