वेल्ह्याच्या तात्यांना, एका रात्रीबद्दल

तीर्थस्वरूप तात्या,
साष्टांग नमस्कार.

वडिलांना तीर्थरूप आणि वडिलांसारख्यांना तीर्थस्वरूप, हे शाळेत पत्रलेखनाच्या तासाला शिकले होते. पाच मार्कांपलीकडे त्याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. तुमच्याकडे साधा फोन, म्हणजे हे नातीनंच वाचून दाखवायचं. तिला म्हणावं, शिव्या आल्या की गाळू नकोस, त्या आजोबांच्याच आहेत.

पोस्टानंही पाठवता आलं असतं. पण तोरण्याच्या डोंगरात मी आणि भाचा अडकलो आणि तुम्ही आम्हाला सांभाळलंत, त्या रात्रीनंतर पुण्यात मी ज्याला त्याला तुमच्या गोष्टी सांगत सुटले आहे, आणि भाचा म्हणतो, मावशी, दर वेळी बिबट्या थोडा मोठा होतोय. तेव्हा झालं ते एकदा सरळ लिहून काढते. ज्यांना सांगितलं त्यांनीही वाचावं.

चूक स्वारगेटलाच झाली होती. सकाळची वेल्ह्याची एसटी डोळ्यांसमोर गेली आणि आम्ही दोन तास उशिरा पोचलो. त्यातच दिवसाचा बेत बदलायला हवा होता. नाही बदलला. तोरण्यावर मेंगाईच्या देवळापाशी डबा खाल्ला, भाच्याला १४०३ मीटर म्हणजे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला वगैरे ऐकवलं, मग तो म्हणाला झुंजार माची बघूनच जाऊ. बुधला माचीवरून राजगडकडे जाणाऱ्या डोंगराच्या धारेला लागलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. नोव्हेंबरात सहाला सूर्य बुडतो हे मला माहीत नव्हतं असं नाही.

फोनमध्ये कुणाची तरी वाट उतरवून घेतली होती. ती रेघ डावीकडे जात होती आणि पायाखाली स्वच्छ मळलेली वाट उजवीकडे. मी पायाखालच्या वाटेवर विश्वास ठेवला. पाऊण तास कारवीच्या झुडपांतून गेल्यावर ती वाट कातळाच्या कडेला जाऊन विरली. मागे फिरताना घसाऱ्यावर भाच्याचा पाय मुरगळला. नेटवर्क नाही, बॅटरी नऊ टक्के. मदतीचा ११२ लावून बघितला, लागेना. घरी एक मेसेज टाकून ठेवला, तो जाईल तेव्हा जाईल म्हणून, आणि पोराच्या सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला जी इवलीशी शिट्टी असते ती वाजवायला सुरुवात केली. मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, परत सहा. कॉलेजात असताना एका शिबिरात शिकवलेलं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा वापरलं.

तुम्ही नंतर म्हणालात, नुसती वाजत राहिली असती तर कुणी पोरगं चाळे करतंय म्हणून सोडून दिलं असतं. पण थांबून थांबून, मोजल्यासारखी यायला लागली तेव्हा कळलं की कुणीतरी अडकलंय.

तुम्ही वरच्या अंगानं आलात. खांद्यावर घोंगडं, हातात काठी आणि कोयती. मी उभी राहून एका दमात सगळं सांगायला लागले. तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत. "आधी बूड टेका," म्हणालात. बसलो. "पानी प्या." प्यायलो. मग भाच्याच्या पायाकडे बघितलंत, त्याला बूट काढू दिला नाहीत (काढला तर सुजेल आणि परत चढणार नाही, म्हणालात), बुटावरूनच तुमच्या उपरण्यानं आवळून बांधलंत. आणि मी, जिला वाटत होतं की आता सुटलो, तासाभरात वेल्ह्यात गरम चहा, तिला तुम्ही सांगितलंत, "रातच्याला उतरायचं न्हाई."

तात्या, त्या क्षणी मला तुमचा राग आला होता. वाट माहीत असलेला माणूस समोर, खाली वाडीतली घरं दिसतायत, आणि हा म्हातारा बसून राहा म्हणतो. मी हुज्जतही घातली. तुम्ही हात लांब करून मावळतीकडे धरलात. सूर्य आणि डोंगराची कड यांच्यात दोन बोटं मावत होती. एक बोट म्हणजे पाव तास. "अर्धा तास उजेड. मी एकटा उतरीन. तुमी दोघं न्हाई. वाळल्या गवतावर ह्याचा पाय सरकला तर मी कुनाला धरू, त्याला का तुमाला?" वर एक अस्सल शिवी दिलीत, ती इथे लिहीत नाही. नातीला तोंडी विचारू दे.

आभार मानायचे आहेत ते या नकाराचे. वाट दाखवणारे पुष्कळ भेटतात. गळ्याशी आलेल्या माणसाला तासाभरात घरी नेऊन थोरपणा मिळवायचा सोडून, सकाळपर्यंत त्याची चिडचिड सोसत थंडीत शेजारी बसणारे मला तरी दुसरे भेटलेले नाहीत.

ज्या कपारीत आपण बसलो तिथे मी काटक्या गोळा करायला लागले, तर तुम्ही काठी वर दाखवलीत. कड्याला चार मोठी पोळी लोंबत होती, सुपांसारखी, काळपट. आग्या मोहोळ. लक्ष देऊन ऐकलं की त्यांचा हलका घुमारा येत होता, फ्रीज चालू असल्यासारखा. धूर लागला तर चवताळतील आणि रात्री उजेडावर येतील, म्हणून शेकोटी नाही आणि टॉर्चसुद्धा जमिनीकडे तोंड करून, वरून रुमाल बांधून. माझ्या सॅकमध्ये अत्तराची कुपी होती, ती तुम्ही पिशवीत पिशवी घालून बांधायला लावलीत. मग कपार बदलली. पन्नास पावलं सरकायला आपल्याला अर्धा तास लागला, पोराला मध्ये घेऊन. घामेजलेले बनियन बदलायला लावलेत, खाली वाळलं गवत, त्यावर सॅक, त्यावर आम्ही, वर घोंगडं. भाकरी एकच होती आणि ठेचा. तिचे तीन तुकडे केलेत, सगळ्यात लहान स्वतःला.

मग ती रात्रीची शाळा. भाच्यानं विचारलं, तात्या, तुम्ही शिकार केलीय का? तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात. वडिलांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, तुम्ही पंधरा-सोळाचे असताना हाक्याला जायचात, जनावर उठवायला डबे बडवत. मग १९७२चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, पारध बंद झाली, बंदूक पोलिसांत जमा. "बंद झाली ते बरं झालं. पन रान वाचायला तिथंच शिकलो."

पुढे जे सांगितलंत ते मला ट्रेकच्या कुठल्या यादीत मिळालं नव्हतं. शिकाऱ्याला जे जे करायचं, त्याच्या नेमकं उलट आपण करायचं. शिकारी वाऱ्याच्या तोंडाला जातो, म्हणजे त्याचा वास जनावराला लागत नाही. आपण वाऱ्याच्या पाठीनं जायचं, आपला वास आपल्या आधी पोचू द्यायचा. रानडुक्कर पिल्लं घेऊन बसलेलं असेल तर आपोआप उठून जाईल. तुम्ही चिमूटभर माती सोडून दाखवलीत. ती खाली, दरीकडे गेली. दिवसा ऊन लागलं की वारा दरीतून वर चढतो, रात्री थंडावला की धारेवरून खाली उतरतो. एवढी साधी गोष्ट, आणि मी वीस वर्षं डोंगरात फिरते.

शिकारी पाऊल न वाजवता चालतो. आपण काठी आपटत, बोलत, म्हणजे घोणस-फुरशालाही सरकायला वेळ मिळतो. शिकारी पाणवठ्यावर पहाटे आणि तिन्हीसांजेला दबा धरतो, कारण जनावर तेव्हाच येतं. आपण पाणी भर दुपारी भरून घ्यायचं आणि मुक्काम पाण्यापासून लांब टाकायचा. शिकारी ढोरवाटेवर बसतो. आणि आम्ही नेमके ढोरवाटेनंच गेलो होतो! "ढोराला गावात कशाला जायचंय? त्याला चारा पायजे. ती वाट गवतात जाऊन सरनारच." खूण काय, तर माणसाच्या वाटेवर कारवीच्या फांद्या छातीच्या उंचीपर्यंत मोडलेल्या असतात, गुरांच्या वाटेवर खाली मोकळं आणि वर फांद्या तोंडावर येतात. मला आठवलं. माझे दोन्ही गाल ओरबाडलेले होते.

साडेअकराच्या सुमाराला खालच्या अंगाला भेकर, ते छोटं हरीण, भुंकलं, बिबट्याची चाहूल लागल्यासारखं. कुत्र्यासारखं, पण एकेकच, थांबून. भाचा मला चिकटला. तुम्ही कान देऊन बसलात. पुन्हा भुंकलं, या वेळी डावीकडे सरकून. "जातोय तो. आपल्याकडं न्हाई." बिबट्या दिसला नाही, तात्या. मी पुण्यात कुणाला काहीही सांगितलं असलं तरी दिसला नाही. पण पहाटे मला बाजूला जायचं होतं तेव्हा तुम्ही एकटीला सोडलं नाहीत. पाठ करून दहा पावलांवर उभे राहिलात आणि मोठ्यानं खोकत राहिलात. उकिडवं बसलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, लहान जनावर वाटतं, हे तुम्ही सकाळी सांगितलंत. रात्री सांगितलं असतंत तर मी गेलेच नसते.

सापाबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत. धाकट्या भावाला घोणस चावली तेव्हा आधी मांत्रिकाकडे नेलं, त्यात अर्धा दिवस गेला, एवढंच म्हणालात. तो वाचला की नाही हे विचारायचा मला धीर झाला नाही. इथे वाचणाऱ्यांसाठी लिहिते: चिरायचं नाही, दोरी आवळायची नाही, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही आणि सरळ मोठा दवाखाना गाठायचा. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालते.

उजाडल्यावर उतरताना तुम्ही एकदम काठी आडवी धरलीत. मला काहीच दिसलं नाही. दोन्ही बाजूंनी काटक्या अशा खोचलेल्या की चालणारं जनावर आपोआप मधल्या फटीकडे वळावं, आणि त्या फटीत, गुडघ्याच्या खाली, गाडीच्या क्लचच्या तारेचा फास. फासकी. तारेला राख चोळून चमक घालवलेली होती. पोरगं हात लावायला वाकलं आणि तुम्ही त्याला मागे ओढलंत. अशा ठिकाणी एकच फासकी कधी नसते, आणि एखादीत जखमी डुक्कर जिवंत अडकलेलं असलं तर ते तार तोडून अंगावर येतं. मला फोटो काढायला लावलात, शेवटच्या दोन टक्क्यांत. वाडीत पोचल्यावर ओळखीच्या वनरक्षकाला आधी फोन, मग आम्हाला चहा. वनखात्याचा १९२६ हा नंबर आता माझ्या फोनमध्ये आहे, पण नेटवर्क नसलं तर तोही कामाचा नाही, म्हणून घरी आणि पायथ्याच्या एका घरी परतायची वेळ सांगून निघायचं हे मी लावून घेतलंय. त्या शनिवारी वेल्ह्यात कुणालाही माहीत नव्हतं की आम्ही वर आहोत.

पैसे दिले तर तुम्ही ते भाच्याच्या खिशात परत कोंबलेत. "ह्याच्या पायाला लावा." पाय बरा आहे. मुरगळलाच होता, मोडला नव्हता. त्यानं शाळेतल्या मित्रांना माती सोडून वारा बघायला शिकवलंय, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि वॉचमन त्याला रोज विचारतो की काय सांडतोयस.

घोंगडं इथेच राहिलं आहे. जीपमध्ये बसताना पोराच्या अंगावर होतं आणि तुम्ही राहू दे म्हणालात. त्यातली कुसळं अजून निघतायत. या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी घेऊन येतो, सकाळच्या एसटीनं, न चुकता. सोबत तुम्हाला चांगली टॉर्च आणतेय. तुमची ती पिवळ्या उजेडाची आता निवृत्त करा.

आणि तात्या, एक गोष्ट परतताना खेड शिवापूरपाशी आठवली आणि तेव्हापासून खुपते आहे. तुम्ही त्या संध्याकाळी डोंगरात आमच्यासाठी आला नव्हतात. दोन दिवस न परतलेली तांबडी गाय शोधायला आला होतात. रात्रभर आमच्याजवळ बसलात, सकाळी आम्हाला उतरवलंत, चहा पाजलात, आणि आम्ही दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

गाय सापडली का?

तुमची,
पुण्याची ताई