यंदा डिसेंबरात येत नाही, आई-बाबा

व्रोत्सवाफ, पोलंड

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

फोनवर बोलायला गेले की तुझा आवाज ऐकून शब्द घशातच राहतात, आई, म्हणून लिहिते आहे. यंदा डिसेंबरात आम्ही कोल्हापूरला येत नाही. तिकिटं काढलेली नाहीत आणि आता काढणारही नाही. एवढं वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस, पुढचं वाच.

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं ते तुम्हाला माहीत आहे. वॉकर धरून घरातल्या घरात फिरतात, पण ओट्यापाशी उभं राहणं होत नाही. नाताळाला सगळा गोतावळा त्यांच्याकडेच जमतो. आप्पांच्या त्या वर्षी काकींनी आपल्याकडची दिवाळी कशी उचलली होती, ते मी दाराआडून बघत होते. तसंच समजा. तुमच्या जावयानं एका शब्दानं आग्रह केला नाही. उलट म्हणाला, तू लेकीला घेऊन जा, मी बघतो इथलं. पण मीच थांबायचं ठरवलं. त्याच्यावर राग धरू नका.

दुसरी गोष्ट आईला जास्त लागेल, म्हणून ती मीच सांगते. नाताळाची गालारेता, म्हणजे जेलीसारखा गोठवलेला मांसाचा रस्सा, यंदा मी करणार आहे, आणि माझ्याच घरी. डुकराच्या पायांची. तुम्ही इथे आला होतात तेव्हा सासूबाईंनी ती ताटं झाकून दुसऱ्या खोलीत नेली होती, तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. तुला ते कळलं होतं, मला माहीत आहे.

त्यांच्याकडे २४ तारखेच्या रात्री मांस चालत नाही. बीटचं सार, मासे, असं असतं. २५ ला मात्र टेबलावर गालारेता हवीच. सासूबाईंचे आईवडील आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्हकडचे, तेव्हा ते पोलंडमध्ये होतं. १९४५ नंतर सरहद्दी सरकल्या आणि त्यांना सगळं सोडून इथे यावं लागलं. सामान फार आणता आलं नाही, पण आईच्या हाताची ही रीत आली. पुढे १९८१ ते १९८९ मांस रेशनकार्डावर मिळायचं, तेव्हाही थोड्या मांसात घरभर माणसांचं व्हायचं ते याच्यामुळे. हे ऐकल्यावर 'यंदा राहू द्या, विकतची आणू' असं त्यांना सांगणं माझ्याच्यानं झालं नाही. बाबा, तुमचे वडील वळिवड्याच्या छावणीतल्या पोलिश निर्वासितांबद्दल किती मायेनं बोलायचे. १९४३ ते १९४८, पाच हजारांच्या आसपास माणसं आपल्या गावाशेजारी राहिली. जावई पहिल्यांदा आला तेव्हा तुम्ही त्याला घरी चहा पाजायच्या आधी तिकडे घेऊन गेला होतात. परक्या गावात आपल्या घरची चव म्हणजे काय असते, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आणि बाबा, कृती ऐकलीत तर तुम्हाला ती ओळखीचीच वाटेल. रविवारी तुम्ही मटणाची अळणी काढता, तीच ही, फक्त फार सावकाश. पायांवरचे केस जाळावर भाजून, सुरीनं खरवडून, रात्रभर गार पाण्यात ठेवायचे. पहिल्या उकळीचं पाणी फेकून द्यायचं. मग दोन पाय, एक मांसल नळी आणि तीनेक लिटर पाणी. वर आलेला फेस काढत राहायचं आणि आच इतकी मंद की मध्येच एखादा बुडबुडा यावा. खळखळून उकळलं की पाणी गढूळ होतं आणि सासूबाईंना ते अजिबात खपत नाही. चार-पाच तास लागतात. शेवटच्या दीड तासात गाजर, सेलेरीचा कंद, जाळावर काळा केलेला कांदा, तमालपत्र, मिरी आणि ऑलस्पाइस. मीठ अगदी शेवटी, कारण पाणी आटत जातं. तेही जिभेला थोडं जास्त लागेल इतकं, कारण गार झाल्यावर खारटपणा कमी जाणवतो.

मग मांस हाडावरून सोडवून तुकडे करायचे, त्यात लसूण ठेचून घालायचा, ताटलीत गाजराच्या चकत्या आणि उकडलेलं अंडं मांडायचं आणि कापडातून गाळलेलं पाणी वरून ओतायचं. जिलेटिन विकत आणायचं नाही, हा सासूबाईंचा कडक नियम. कातडी आणि सांध्यातलंच विरघळून पाण्यात उतरतं आणि रात्रभर थंडीत गोठतं. गोठेल की नाही ते आधी कळतं. चमचाभर पाणी गार बशीत टाकून थोड्या वेळानं बोट लावायचं, चिकट धरलं तर झालं. सकाळी वरचा चरबीचा थर चमच्यानं काढून टाकायचा. खाताना वर थोडं व्हिनेगर, नाहीतर नाकात झिणझिणणारं एक मूळ किसून. आई, मटण मऊ व्हायला तू जी कच्ची पपई लावतेस ती न उकळता यात पडली तर मात्र कितीही थंडी असली तरी गोठणार नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसणार आहेत आणि मी त्यांच्या देखत करणार आहे. परवा त्यांनी स्वतःची सुरी मला काढून दिली. त्यांचे डोळे भरून आले होते. लेक नाही त्यांना.

आई, आता तुझ्या मनात काय आलं असेल ते मला इथून दिसतंय. अन्नपूर्णा माझ्याकडे आहे, तू लग्नात ओटीत दिलेलीच. देवघर आतल्या खोलीत आहे, दिवा रोज लागतो, त्या दिवशीही अंघोळ करून आधी दिवा लावीन आणि मगच पातेलं चढवीन. मी खाते का, असं तू विचारलंस तर खोटं नाही बोलणार. खाते, थोडं. तू मला खोटं न बोलायला शिकवलंस आणि समोरच्यानं मायेनं वाढलेलं ताट ढकलायचं नाही, हेही तूच शिकवलंस. त्यातून मी तुझी कमी झाले नाही. ताप आला की अजून तुझ्याच हातचा मऊ भात आठवतो, मेतकूट आणि तूप घातलेला, आणि तू घास भरवताना स्वतःचंही तोंड उघडायचीस ते.

जूनमध्ये तुम्ही येणार आहात त्यात काही बदल नाही. तुमच्यासाठी पातेली, तवा, पोळपाट, सुऱ्या, सगळं वेगळं घेऊन ठेवलंय, त्यांना यातलं काही लागलेलं नाही आणि लागणार नाही. फ्रिजचा वरचा कप्पा तुमचा. तुम्ही असेपर्यंत घरात डुकराचं मांस येणार नाही, हे जावयानंच ठरवलंय. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. इमारतीला लिफ्ट आहे. गवती चहा कुंडीत लावलाय, उन्हाळ्यापर्यंत वाढेल. तेव्हा इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, बाबांना जेवणानंतर नदीवर फिरून येता येईल. कांदा-लसूण चटणी मात्र तुमचीच आणा, इथे ती चव नाही.

आता बाबांना. सकाळचं पायासूप बंद करा. युरिक ॲसिडचा आकडा दादानं मला पाठवलाय, लपवू नका. पायासूपानं गुडघे भरून येतात असं सगळे सांगतात, पण पोटात गेल्यावर ते बाकीच्या प्रथिनांसारखंच पचतं, थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. आणि अंगठा सुजतो तेव्हा रात्रभर जागी राहते ती आई. मटण आठवड्यातून एकदा, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. पाणी भरपूर प्या. माळ्यावर चढायचं नाही, शिडी मी दादाला घेऊन जायला सांगितली आहे.

आई, बीपीची गोळी जेवणावर अवलंबून ठेवू नकोस, उपवास असला तरी घ्यायची. लोणच्याची फोड पानात घेतेस ते कमी कर. डोळ्यांची तारीख पुढे ढकलू नकोस, काकींच्या वेळी काय झालं ते आपण बघितलंय. दादा सोबत येईल, त्याच्याशी बोलणं झालंय.

२५ ला तुमच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल करीन. नात तुम्हाला तिनं केलेली जिंजरब्रेड दाखवणार आहे. टेबल मी दाखवणार नाही, तू म्हणालीस तरच दाखवीन. सासूबाईंना तुझ्याशी बोलायचंय. 'कशा आहात' एवढं मराठी त्यांनी पाठ केलंय, तर जरा थांबून ऐक, फोन लगेच बाबांकडे देऊ नकोस.

तुमची,
राणी

ता. क. तपासणीचा नवा रिपोर्ट आला की त्याच दिवशी फोटो पाठवा, पूर्ण कागदाचा, नुसत्या वरच्या अर्ध्याचा नाही.