काळे हे आडनाव कुठे बसते

सदाशिव पेठ, पुणे ३०

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस की, पायथन या तुझ्या संगणकभाषेच्या परिषदेत भाषणाचा प्रस्ताव पाठवावासा वाटतो. पण ‘लोकांना सांगण्यासारखे माझ्याकडे काय आहे?’ या विचाराने हात अडतो. दिवसभर तोच प्रश्न माझ्याही मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गेल्या दिवाळीत तू आमच्या ग्रंथालयाच्या सभासदांची यादी संगणकावर लावून दिलीस. छापील कागदावर काळे, कावळे, काशीकर, कासार असा क्रम पाहून मी थबकले, कारण पाच बाय तीन इंचांची तालिका-कार्डे खणांत लावण्यात माझी तीस वर्षे गेली आणि त्या खणांत काळे नेहमी कासारांच्या मागे असत. आपल्या वर्णमालेत ळ येतो तो ह नंतर. तू दोन रात्री जागून कारण शोधलेस. क्रम लावताना पायथन वर्णमाला पाहत नाही, प्रत्येक अक्षराला संगणकासाठी ठरवून दिलेला युनिकोड क्रमांक पाहतो, आणि तिथे ळ ०९३३ वर तर व ०९३५ वर आहे, हे तू स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून मला समजावलेस, ते मला अजून जसेच्या तसे आठवते. पुढे ‘ॲड.’ असे शोधल्यावर निम्मेच वकील सापडले. काहींच्या नावामागे ॲ हे एकसंध अक्षर होते, काहींच्या मागे अ आणि त्यावर वेगळा दिलेला चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, आणि एकाच अक्षराची वेगळी रूपे सारखी करणाऱ्या युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ही दोन रूपे एक होत नाहीत.

हाच तुझा विषय आहे. ‘भारतीय भाषा आणि संगणक’ हे जे शीर्षक तू वाचून दाखवलेस, ते सोडून दे, कारण अर्ध्या तासात एवढा पसारा कोणालाही आवरणार नाही आणि निवड करणाऱ्यांना त्यातून तुझे असे काहीच दिसणार नाही. ही माणसे बहुधा स्वयंसेवक असतात, आपापली नोकरी सांभाळून रात्री प्रस्ताव वाचतात, आणि कित्येक ठिकाणी लिहिणाऱ्याचे नाव त्यांच्यापासून मुद्दाम झाकलेले असते. त्यामुळे तुझा अनुभव किती वर्षांचा, यापेक्षा पहिल्या चार ओळींत काळे आणि कावळे दिसतात की नाही, याला महत्त्व आहे. त्यानंतर भाषण कोणासाठी आहे, ऐकणाऱ्याला आधी काय येत असावे, कोणत्या भागाला किती मिनिटे देणार आणि घरी जाताना तो काय करू शकेल, एवढे स्पष्ट लिही. भाषेनुसार क्रम लावणारी आयसीयू ही तयार प्रोग्रामची लायब्ररी तू शेवटी वापरलीस, तेही प्रस्तावातच सांग. उत्तर राखून ठेवून उत्सुकता वाढवण्याची ही जागा नव्हे.

एक गोष्ट मात्र लपवू नकोस. क्षीरसागर हे कार्ड क च्या खणात ठेवायचे की ळ च्याही पुढे, यावर आमच्या ग्रंथालयातच दोन मते होती आणि दोन्ही बाजूंना जाणती माणसे होती. तुझ्या प्रोग्रामने त्यांपैकी एक मत स्वीकारले आहे, असे स्पष्ट लिही. सभागृहातला पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येईल.

२०११ साली पायकॉन इंडिया ही पायथनची परिषद आपल्या पुण्यातच भरली होती. तेव्हा तू शाळेत होतीस. यंदा प्रवास करावा लागला तर मी सोबत येईन. त्याआधी इथल्या पायथनवाल्यांच्या एखाद्या भेटीत हेच भाषण एकदा करून बघ, म्हणजे वेळेचा अंदाज येईल.

प्रस्ताव इंग्रजीत द्यायचा असला, तरी पहिला मसुदा मराठीत लिहून रविवारपर्यंत मला पाठव. मी जुन्या खणांतली क आणि क्ष ची कार्डे काढून ठेवते; त्यांची छायाचित्रे तुला भाषणात दाखवता येतील.

तुझी,
आई