मेडिकलच्या दोन नंबर खिडकीतल्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला अजून माहीत नाही. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर मेडिकलच्या दोन नंबरच्या खिडकीत बसता आणि चिठ्ठी वाचताना चष्मा डोक्यावर चढवता, एवढीच ओळख. आम्ही साताऱ्याचे. अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मायलोमाच्या (हा रक्ताचा एक कॅन्सर) औषधासाठी दर महिन्याला पुण्याला येतो.

तुम्ही मला पहिल्यांदा प्रश्न विचारलात तेव्हा मला रागच आला होता. लेनालिडोमाइडची, म्हणजे त्याच औषधाची, पहिली दहा कॅप्सूलची पट्टी संपत आली होती, पुढचं औषध घ्यायला मी एकटीच आले होते. मागे रांग. तुम्ही पट्ट्या काढल्यात आणि विचारलंत, "घरी गोळी काढून कोण देतं?" म्हटलं, मीच. अण्णांना कॅप्सूल गिळवत नाही, घशात अडकते. म्हणून रोज रात्री जेवण झालं की कॅप्सूल उघडायची, भुकटी मधात कालवायची आणि चाटण द्यायचं. वैद्यांचं चूर्ण आईंनी वर्षानुवर्षं असंच दिलंय, त्यामुळे त्यात काही वावगं असेल हे मनातही आलं नाही. बोटाला लागलेली भुकटी मी पदराला पुसत होते.

तुम्ही पट्ट्या परत आत ओढल्यात. "पाळी वेळेवर आहे का?" असं भर रांगेत विचारलंत. मी गप्प. मग तुम्ही खिडकी बंद करून बाहेर आलात आणि मला पाण्याच्या कूलरजवळ नेलंत. लग्नाला चार वर्षं झालीत, आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय, हे मी माहेरीसुद्धा धड बोलले नव्हते. तुम्हाला तिथे उभ्या उभ्या सांगितलं.

हे औषध थॅलिडोमाइडच्या कुळातलं, हे तुमच्याकडूनच कळलं. १९५७ साली जर्मनीत ते झोपेचं औषध म्हणून बाजारात आलं, गरोदर बायकांनी उलट्या-मळमळीसाठीही घेतलं आणि हजारो बाळं हातापायांची वाढ न होता जन्मली. १९६१मध्ये ते तिथे मागे घेतलं गेलं. पुढे त्याच्याच भाऊबंदांतून मायलोमाला आवर घालणारं औषध निघालं. ज्यांना दिवस गेलेत किंवा जाऊ शकतात त्यांनी कॅप्सूल उघडायची तर नाहीच, शक्यतो हातही लावायचा नाही. भुकटी अंगाला लागलीच तर लगेच साबण आणि पाण्याने धुवायची. त्याच दिवशी तुम्ही मला स्त्रीरोगाच्या डॉक्टरांकडे पाठवलंत. तपासणी झाली, दिवस गेलेले नव्हते. येताना एसटीत मी खंबाटकी घाट उतरेपर्यंत रडत होते, नक्की कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

"गिळवत नाही" याचं उत्तरही तुमच्याकडेच निघालं. पुढच्या वेळी अण्णा सोबत होते. तुम्ही त्यांना पाणी प्यायला लावलंत. अण्णा आयुष्यभर तांब्या वर धरून, मान मागे टाकून पाणी पितात. तुम्ही हसलात. कॅप्सूल हलकी, पाण्यावर तरंगते. मान मागे गेली की ती पुढे दातांकडेच राहते आणि पाणी एकटंच आत जातं. पेला ओठाला लावा, घोट घ्या आणि हनुवटी छातीकडे झुकवून गिळा. पहिल्याच फटक्यात गेली. सत्तरीचा माणूस लहान पोरासारखा तोंड उघडून "बघा, गेली" म्हणून दाखवत होता!

डेक्सामेथासोनचा, म्हणजे सोबतच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा, घोळ तर तुम्हाला माहीतच आहे. चार मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या, आठवड्यातून एकदा, एकदम. शेजारचे काका म्हणाले, दहा गोळ्या कुठे एकदम घेतात का, रोज एकेक घ्या. अण्णांना ते पटलं होतं. तुम्ही पाकिटावर जाड मार्करने "फक्त सोमवार, सकाळी, नाश्त्यानंतर" असं लिहून दिलंत. पाकीट बदललं की ते झाकण आम्ही कापून ठेवतो. सोमवारी रात्री अण्णांना झोप लागत नाही हे खरं. गेल्या सोमवारी रात्री दोन वाजता त्यांनी माळ्यावरची पितळी भांडी काढून चिंचेने घासली. सोमवार-मंगळवारी साखर तपासतो, ती वाढतेच.

कॅप्सूलचं मात्र एकवीस दिवस औषध, सात दिवस सुट्टी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकवीस लाल गोल आणि सात कोरे चौकोन. सुट्टीच्या आठवड्यात अण्णा अस्वस्थ होतात, औषध बंद म्हणजे रोग वाढणार असं त्यांना वाटतं. रक्त भरून यायला ती सुट्टी लागते, हे त्यांना कळलं तेही तुमच्यामुळेच. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचे, आणि रिपोर्ट पाहिल्याशिवाय तुम्ही पट्टी हातात देत नव्हता. एकदा न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फार कमी होऊन ८००वर आले होते. तुम्ही सरळ वर डॉक्टरांकडे पाठवलंत आणि त्यांनी काही दिवस औषध थांबवलं. एवढा प्रवास करून रिकाम्या हाताने परत, म्हणून अण्णा तुमच्यावर भडकले होते. त्याबद्दल त्यांच्या वतीने मी माफी मागते. ते स्वतः मागणार नाहीत.

हॉस्पिटलच्या डे केअरमध्ये ओळख झालेल्या एका पेशंटना २५ मिलिग्रॅमची कॅप्सूल आहे आणि आपल्याला १०ची, म्हणजे आपल्यावर स्वस्तात उपचार चाललेत, असाही अण्णांचा एक समज होता. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं आणि अण्णांचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी कमी काम करते, म्हणून डोस कमी, हे तुम्ही दोनदा समजावलंत. त्याच दिवशी त्यांच्या खिशातली अंगदुखीची गोळीही काढून घेतलीत. कंबर दुखली की गावातल्या दुकानातून आणायचे, कोणाला न सांगता. ती किडनीला मारक, हे आम्हाला कुठून माहीत?

नणंदेच्या लग्नात एका रात्रीची कॅप्सूल राहिली. आठवण झाली दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला. तुम्हाला फोन केला, मागे सनई वाजत होती. "किती तास झाले?" सतरा. "मग सोडून द्या. बारा तासांच्या आत आठवली तर घ्यायची, नाहीतर नाही. आज रात्री एकच, दोन नाही." फोन बंद. तुमचं बोलणं असंच, चिठ्ठीएवढं.

पायाचंही तसंच. या औषधाने रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन आहे. तरी एकच पाय सुजला किंवा धाप लागली तर सकाळची वाट बघायची नाही, आणि ताप आला तर नुसतं पॅरासिटामॉल देऊन घरी थांबायचं नाही, हे तुम्ही माझ्या नवऱ्याकडून वदवून घेतलं होतं. जूनमध्ये डावी पोटरी सुजली. रात्री साडेदहाला डॉपलरला, म्हणजे गुठळी बघायच्या सोनोग्राफीला, नेलं. निघालं काहीच नाही. अण्णा अजून त्या बिलाचा हिशोब सांगतात, आणि मला तो ऐकायला आवडतो.

आता कॅप्सूल अण्णा स्वतः पट्टीतून काढतात आणि स्वतः हात धुतात. मी फक्त पेला ठेवते.

पुढचं औषध घ्यायला सव्वीस तारखेला येतोय. अण्णा तुमच्यासाठी कंदी पेढे घेणार म्हणतात. तुम्ही खिडकीवर काही घेत नाही हे मी त्यांना सांगितलंय, पण ते पिशवीत घालणारच आहेत. तेवढे घ्या.

तुमची,
साताऱ्याच्या अण्णांची सून