बुटीबोरीची मेट्रो रेल्वेस्थानकाला जोडा

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

नागपूर मेट्रोच्या 43.8 किमीच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर 2022 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. खर्च 6,708 कोटी. त्यातला 18.6 किमीचा मार्ग मिहानपासून बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत जातो. तो आम्हाला हवाच आहे. पण त्याच्या दहा स्थानकांच्या यादीत बुटीबोरीचं रेल्वेस्थानक नाही, आणि सिंदी, तुळजापूर, सेलू रोडकडून रेल्वेने येणाऱ्या एमएसटीवाल्यांचं (मासिक पासवाल्यांचं) घोडं नेमकं तिथंच अडतं.

मेट्रो थेट वर्ध्यापर्यंत न्या, अशी मागणी होत असते. आम्ही ती करत नाही. मंजूर खर्च किलोमीटरमागे सुमारे 153 कोटी पडतो. बुटीबोरीपुढच्या जवळपास 50 किमीला तो सगळ्या दुसऱ्या टप्प्याहून जास्त होईल. मेट्रोचे रूळ 1435 मिलिमीटरचे, रेल्वेचे 1676 चे, म्हणजे मेट्रोची गाडी रेल्वेच्या रुळांवर धावणारही नाही. वर्ध्याची रेल्वे आधीच आहे. दोन्हींची गाठ बुटीबोरीत घालून द्या, एवढंच मागणं आहे.

ही गाठ कागदावरच नीट बसवायला हवी. रेल्वेच्या 25 किलोव्होल्टच्या तारेमुळे रुळांवरचा पादचारी पूल साधारण साडेसहा मीटर उंच घ्यावा लागतो, म्हणजे चाळीसवर पायऱ्या. उन्नत मेट्रो स्थानकाचा तिकीट मजलाही बहुधा तेवढ्याच उंचीवर असतो. दोन्हींची पातळी आधीच जुळवली, तर डब्यातून उतरलेला माणूस एकदा चढून सरळ मेट्रोत जाईल. खांब उभे राहिल्यावर पूल जोडायला गेलं, की पातळी जुळत नाही, उतरून पुन्हा चढावं लागतं, आणि गुडघे धरून चालणारी म्हातारी माणसं बाहेरच्या ऑटोत बसतात. पूल किमान सहा मीटर रुंद, छप्पर असलेला, दोन्ही टोकांना लिफ्ट असलेला हवा. रुळांवर गर्डर टाकायला मध्य रेल्वेची नकाशामंजुरी आणि ब्लॉक, म्हणजे ठरावीक वेळ गाड्या थांबवणं, लागतो. त्यात वेळ जातो, म्हणून अर्ज आजच जायला हवा.

दुसरी बाब वेळापत्रकाची. नागपुरातल्या सीताबर्डीपासून बुटीबोरी एमआयडीसी सुमारे 31 किमी. थांबे धरून ताशी 33 किमीने जवळपास 56 मिनिटं. पहिली गाडी सहाला सुटली, तर सातच्या पाळीचं गेट गाठणं होत नाही. रात्री अकराला पाळी सुटणाऱ्यांना दहानंतर गाडीच नसेल, तर ते मोटारसायकलवरच राहतील. पहिली गाडी 5.15 ला, शेवटची एमआयडीसीहून 11.30 ला ठेवा. तरीही तारेतली वीज बंद करून रूळ तपासायला चार तास उरतात. दोन गाड्या रात्री एमआयडीसीच्या टोकाला उभ्या करायची सोय आताच आखावी, म्हणजे नागपूरकडे जाणाऱ्यांनाही पहाटेची गाडी मिळेल.

स्थानकाबाहेरच्या वाटेकडेही बघा. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. थेट तिच्यावर बसवलेले पेव्हर ब्लॉक एका पावसाळ्यात खचतात आणि सांध्यांतून चिखल वर येतो. आधी अर्धा मीटर माती काढून दाबलेला मुरूम भरावा, कडेला नाली काढावी.

जोडणी आराखड्यात घेऊन नकाशा रेल्वेकडे पाठवल्याचं आम्हाला लेखी कळवावं, ही विनंती.

आपले,
बुटीबोरी, सिंदी, सेलू परिसरातील एमएसटीधारक व एमआयडीसी कामगार