संपादनाची मोफत साधने आणि एक राहिलेला उल्लेख

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छायाचित्रे, ध्वनिफिती आणि व्हिडिओ यांच्या संपादनासाठी कोणते ॲप घ्यावे, याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यात सुचवलेली बहुतेक ॲप एक तर वर्गणी मागतात किंवा तयार व्हिडिओवर स्वतःचा शिक्का उमटवतात. टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत, कमांड लिहून चालवायच्या मोफत साधनांचा मात्र लेखात साधा उल्लेखही नाही, म्हणून हे पत्र.

ही साधने नवखी नाहीत. छायाचित्रांवर काम करणारे इमेजमॅजिक १९९० मध्ये सर्वांसाठी खुले झाले, व्हिडिओ आणि ध्वनी हाताळणाऱ्या एफएफएमपेगची सुरुवात फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये केली, आणि कितीतरी चकचकीत ॲपच्या पोटात आजही तेच एफएफएमपेग राबत असते.

तासाभराच्या व्हिडिओतून दहा मिनिटांचा तुकडा काढायचा झाला, तर अनेक ॲप तेवढा भाग पुन्हा एन्कोड करतात, म्हणजे चित्र आणि आवाज उलगडून नव्याने दाबून साठवतात. त्यात वेळ जातो आणि दर्जाही थोडा घसरतो. एफएफएमपेगला ‘कॉपी’ हा पर्याय दिला, तर ते चित्र आणि आवाज जसेच्या तसे नव्या फाइलमध्ये उतरवते, त्यामुळे काम काही सेकंदांत उरकते आणि दर्जाला मुळीच धक्का लागत नाही. अडचण एवढीच, की असा तुकडा कीफ्रेमपासूनच, म्हणजे व्हिडिओत अधूनमधून पूर्ण साठवलेल्या फ्रेमपासूनच, नीट सुरू होतो, आणि ती आपण सांगितलेल्या क्षणाच्या दोन-चार सेकंद आधी असू शकते. नेमक्या फ्रेमवर कापायचे असेल, तर पुन्हा एन्कोड करणे आलेच. ॲपमधले ‘सेव्ह’चे बटण यांपैकी काय करते, हे सहसा सांगत नाही, कमांडमध्ये ती निवड आपल्याला स्वतः लिहावी लागते.

अर्थात, कमांड विचारत बसत नाही, हेही खरे. इमेजमॅजिकमधील ‘मॉग्रिफाय’ ही कमांड मूळ फाइलवरच नवी फाइल लिहिते, हे मला दोनशे छायाचित्रे एका दमात लहान करून झाल्यावर समजले. प्रत काढून ठेवलेली नव्हती. तेव्हापासून मी आधी वेगळा फोल्डर करतो आणि एका छायाचित्रावर कमांड चालवून पाहतो.

लेखातील एका सल्ल्याबद्दल मात्र माझा स्पष्ट आक्षेप आहे. छायाचित्राचा आकार कमी करण्यासाठी ते संकेतस्थळावर चढवावे, असे त्यात म्हटले आहे. छायाचित्रात कॅमेऱ्याचे नाव, वेळ आणि पुष्कळदा ते टिपले त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. ते सारे छायाचित्रासोबत परक्या सर्व्हरवर जाते. एक्झिफटूल या मोफत साधनाने या नोंदी आपल्याच संगणकावर वाचता येतात आणि पुसताही येतात.

पुरवणीच्या पुढील अंकात निदान या सल्ल्यापुरती दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक