टाकी जांभ्यावरच बसणार आहे

रत्नागिरी

प्रिय दिलप्या,

हँगरला चार स्प्रिंकलर मारले की झालं, त्यात डिझाइन कसलं, असं विचारतोस? ऐक मग.

स्प्रिंकलरचा काचेचा बल्ब तापला की फुटतो आणि पाणी सुटतं. पण लष्करी हँगरचं छप्पर एवढं उंच, की विमानाच्या पोटाखाली सांडलेलं इंधन पेटलं तर वर धग पोचेपर्यंत विमान गेलेलं असतं. पाणी पडलंच तर पंख छत्रीसारखे आडवे येतात, आणि इंधन पाण्यावर तरंगत पेटतं पसरतं ते वेगळंच. म्हणून फोम. त्यातला एक प्रकार एएफएफएफ: साधारण 97 भाग पाणी, 3 भाग फोमचं द्रावण; इंधनावर पापुद्रा धरतो, वाफच दबते. दुसरा हाय एक्स्पान्शन, म्हणजे खूप फुगणारा फेस. हँगरच्या आगसुरक्षेचं अमेरिकी मानक आहे एनएफपीए 409, त्याप्रमाणे मिनिटभरात जमिनीवर तीन फूट फेस.

विझवणं त्यामानाने सोपं रे. माझी झोप उडते ती आग नसताना फोम सुटेल या धास्तीने. 2014 मध्ये फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळावर तसंच झालं, हँगर फेसाने भरला, एक माणूस गेला. फेसात दार कुठे तेही दिसत नाही.

आणि आपला किनारा! परवा ज्योत ओळखणाऱ्या एका जुन्या डिटेक्टरच्या काचेवरून बोट फिरवलं तर पांढुरका थर, चाखला तर खारट. आंधळाच झाला होता तो. नुसता यूव्हीवाला, म्हणजे अतिनील किरण बघणारा, वेल्डिंगला फसतो, विजेला फसतो, आणि मृगाच्या तोंडावर इथे विजांना काय तोटा! म्हणून मी ट्रिपल आयआर, म्हणजे इन्फ्रारेडच्या तीन पट्ट्यांत ज्योत बघणारा, घेतो, आणि दोन डिटेक्टरांचं एकमत झाल्याशिवाय फोमचा व्हॉल्व्ह उघडू देत नाही.

खरं भांडण सुटलेल्या फोमचं. एएफएफएफमधली फ्लोरिनची रसायनं, पीएफएएस, निसर्गात मोडत नाहीत. एक साहेब म्हणाले, तो साठवायला बाहेर उघडा खड्डा करा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस! जुलैतच तुडुंब भरून वाहील, आणि खाली वाडीतल्या विहिरी. मी झाकलेली, आतून अस्तर लावलेली टाकी मांडलीय. खर्च बघून कपाळाला आठ्या पडल्यात सगळ्यांच्या. 409 च्या 2022 च्या आवृत्तीने फोमशिवायच्या वाटाही मोकळ्या केल्यात: सांडलेलं इंधन लगेच खाली ओढून नेणारी पोकळ फरशी. मला तीच पटते, पण जुन्या इमारतीत ती बसवायची म्हणजे पुन्हा पैशाचा वाद.

तू भूजलवाला. टाकी झिरपलीच, तर भेगाळ जांभ्यातून पाणी विहिरीपर्यंत किती वेगाने जाईल? आकडे असतील तर पुढच्या बैठकीआधी धाड. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या